आतून लाल

“ही टोपी डोक्यावर हाय तवर ह्या तालुक्यात बद्रीनाथला हात लावायची कुणाची टाप न्हाई,” असं बद्रीनाथ चौसाळ्याच्या फाट्यावर चहाचा गिलास वर धरून म्हणला. गिलास तोंडाला लागायच्या आत पांढऱ्या जीपमधून दोन गडी उतरले, दोन्हीकडून काखेत हात घातला आन् त्याला उचलून आत बसवला. लई अदबीनं बसवला. गिलास त्याच्या हातातच राहिला, तो पुढं तीन दिवस त्याच्याजवळ होता.

हाटेलवाल्यानं हाक मारली ती गिलासासाठी. माणूस उचलून नेला म्हणून कुणी तोंड उघडलं न्हाई. इलेक्शनचे दिवस होते, आन् ह्या दिवसात आमच्याकडं माणसं सहलीला जातेत. चेअरमन निवडायच्या आधी दोन्ही पार्ट्या आपापले संचालक गोळा करून लांब कुठंतरी ठेवतेत, समोरच्यानं फोडू नये म्हणून. जीपमध्ये बसताना मोबाईल काढून घेतेत आन् उतरवतेत ते थेट मतदानाच्या टेबलापाशी. मधल्या दिवसात घरच्यांनी काय समजायचं ते समजून घ्यायचं.

इलेक्शन होतं आमच्या जगदंबा दूध संस्थेचं. नाव दुधाचं, पण तीन साल पाऊस न्हवता, दूध आटलं, तवा संस्थेनं माळावर जनावरांची चारा छावणी टाकलती. तीनशे जनावरं. कुणाचं जनावर तारंच्या आत बांधायचं आन् कुणाचं बाहेर, हे चेअरमन ठरवायचा. आतल्या जनावराला ऊस, पेंड, पाणी. बाहेरच्या जनावराला ऊन. रोज सकाळी एक ट्रॅक्टर छावणीच्या मागच्या बाजूनं काहीतरी ओढत टेकडीपलीकडं जायचा. त्या टेकडीवर घारी बसायच्या. त्या आता उडायच्या बी बंद झाल्यात्या, उडायची गरजच न्हवती.

संचालक तेरा. आप्पा धरून आप्पांचे सात, भारत धरून भारतचे सहा. आप्पा दहा वर्षांपासून चेअरमन. भारत परवापतूर आप्पांची गाडी चालवायचा, आता स्वतःची चालवत होता. आन् आप्पांच्या सातातला सातवा म्हंजे बद्रीनाथ. त्याला संचालक केलं कारण पहिल्या वर्षी एक अर्ज कमी पडला होता.

टोपी त्याच वर्षीची. आप्पांनी त्या इलेक्शनला पुण्याहून पाचशे टोप्या आणल्या, पुढं चोच असलेल्या, गडद लाल. म्हणं परदेशातल्या कोणत्या बेसबॉलच्या टीमसाठी शिवलेल्या, तिथं नापास झाल्या, म्हणून आमच्याकडं पास झाल्या. कपाळावर इंग्रजी अक्षर विणलेलं होतं. आप्पांनी त्याच्यावर नांगराचं चित्र चिकटवलं. पहिल्या घामाला नांगर निघून पडला, अक्षर राहिलं. बाकीच्यांनी त्या टोप्या पोरांना दिल्या, म्हशीच्या शिंगात अडकवल्या, गाडीच्या सीटा पुसल्या. बद्रीनाथनं डोक्यावर घातली ती घातलीच. समुद्रापलीकडच्या कोणत्या तरी टीमचं अक्षर दहा साल कपाळावर घेऊन हा माणूस फिरला, आन् ते आप्पांचं अक्षर हाय असं त्याला वाटत होतं.

आता खरं सांगायचं तर टोपी होतीच तशी. अंगठ्यानं ओढून ओढून चोच उजवीकडं वाकलेली, कापड कानाच्या घडीला बसलेलं. घामाच्या पांढऱ्या रेघा एकावर एक चढलेल्या, तलावाच्या भिंतीवर उतरलेल्या पाण्याच्या असतेत तशा. बद्रीनाथ बोट ठेवून दाखवायचा, “ही बारा सालची रेघ, ही पंधराची, आन् ही आवंदाची, अजून वाळायचीय.” ती घातली की त्याची मान ताठ व्हायची. काढली की तो कुणाच्या नजरेत बी भरायचा न्हाई.

भानगड एवढीच होती की तीन उन्हाळ्यात टोपीचा रंग उडाला होता.

“लालच हाय,” बद्रीनाथ म्हणायचा.

“लालच की,” त्याची बायको तुळजाबाई म्हणायची. “टरबूज खाऊन सालीजवळ जो राहतो ना, तसला लाल.”

आन् त्यातच आवंदा भारतनं आपल्या पार्टीला नव्या टोप्या वाटल्या. गुलाबी.

“अवो, बदला ती,” तुळजाबाई म्हणली. “कोणीतरी चुकून ओवाळील न्हाईतर चुकून हाणील.”

“पार्टी बदलू का टोपी बदलू? एकच झालं ते,” बद्रीनाथ म्हणला. शिवाय त्याला दुसरं कारण होतं. त्याचं नाव चंद्री.

चंद्री त्याची गाय. ती दोन महिन्यांची असताना तिची आई मेली, तवा बद्रीनाथनं तिला ह्या टोपीत पेंड कालवून चारली. तवापासून वैरण समोर टाकली तरी ती आधी टोपी बघायची, मंगच तोंड लावायची. माणूस कोण हाय त्याच्याशी तिला देणंघेणं न्हवतं. एकदा बद्रीनाथनं टोपी धुळाजीच्या मोटरसायकलच्या आरशाला अडकवली आन् इसरला. धुळाजी निघाला. दावं तोडून चंद्री त्याच्यामागं नेकनूरच्या रस्त्यानं तीन किलोमीटर पळाली. धुळाजीनं गाडी सोडून लिंबावर चढून जीव वाचवला. गाय खाली उभी राहून आरसा चाटत होती.

हाच धुळाजी छावणीच्या पाण्यावर राखण करायचा. पाणी म्हंजे जमिनीत एक मोठा खड्डा, आत शेततळ्याचा काळा प्लास्टिक कागद अंथरलेला. टँकर चार दिवसाला एकदा यायचा आन् त्यात ओतून जायचा. भोवती काटेरी तार. धुळाजी येईल त्याला सांगायचा, “वाकून बघू नका. कागदाला एक खूर लागला ना, तीनशे जनावरं त्या टेकडीपलीकडं.” हे तो हळू आवाजात सांगायचा, म्हणून लोकं ऐकायची.

चंद्री तारंच्या आत होती. पोटात वासरू होतं, पंधरा दिवसांवर आलेलं. बद्रीनाथ दिवसातून दोनदा जाऊन टोपी दाखवून यायचा.

आता जीप. भारतनं आष्टीकडचा ड्रायव्हर आणला, त्याला आमच्यातलं कुणी माहीत न्हाई. त्याला सांगितलं, चौघं घरून घे, पाचवा फाट्यावर उभा असंल, गुलाबी टोपीवाला. तो पाचवा म्हंजे रामहरी. रामहरी होता फाट्यावर, पण त्या वक्ताला हाटेलामागं भिंतीकडं तोंड करून उभा होता. आन् बद्रीनाथ हाटेलापुढं उभा होता, कारण त्याला आप्पांनी सांगितलं होतं, फाट्यावर थांब, जीप येईल.

जीप आली. बद्रीनाथ आत बसला आन् बघतो तर भारतचे चार संचालक. त्याला वाटलं, वा, आप्पांनी चौघं बी फोडले. त्या चौघांना वाटलं, वा, भारतनं बद्री फोडला. सहलीत असलं काही तोंडानं इचारायचं नसतं. त्यातल्या बंकटनं त्याचा हात हातात घेतला, नुसता दाबला.

“बरं झालं,” बद्रीनाथ म्हणला. “उशिरा का होईना, सुधारलात.”

“आमी कावून? सुधारलास तू,” बंकट म्हणला.

“मी तर पयल्यापासून हाय.”

“असं? मंग कळू दिलं न्हाईस बे कधी. लई आतल्या गाठीचा हायेस.”

दोघं बी खूश. आष्टीपतूर गाणी म्हणत गेले. त्यापुढं गाणी बंद झाली, कारण काचेबाहेर बघण्यासारखं काही राहिलं न्हवतं. शेतं न्हाईत, पाखरू न्हाई, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं होतं ते हॉर्न दिला तरी हललं न्हाई. ड्रायव्हरनं त्याला वळसा घातला. कुत्र्यानं फक्त जीप मोजल्यासारखी बघितली.

मुक्काम नगरच्या अलीकडं एका रिसॉर्टवर होता. मधोमध पोहायचा हौद, निळंशार पाणी. बद्रीनाथ काठावर पाय वर घेऊन बसला. पाण्यात पाय घालायची त्याला लाज वाटली. तिथल्या माणसाला त्यानं इचारलं, “ह्यात किती जनावरं निघतील?”

“जनावरं अलाउड नाहीत,” माणूस म्हणला.

तेवढ्यात पाण्यातून एक डोकं वर आलं. भारतचं.

“ये बद्रीनाथ,” भारत म्हणला. “उतर की.”

बद्रीनाथ गिलास घेऊन काठावरून उठला. “आप्पा कुठं हायेत?”

“आप्पा?” भारतनं ड्रायव्हरकडं बघितलं, ड्रायव्हरनं टोपीकडं बघितलं, मंग सगळ्यांनीच टोपीकडं बघितलं. भारतला हसायला यायला लागलं. हसता हसता तो दोनदा पाण्याखाली जाऊन आला. “अरं, मी चोरायला माणसं ठेवलीत सतरा, आन् जो सापडला तो चुकून!”

“मला सोडा. मी लाल हाय.”

“असशील,” भारत म्हणला. “गेट मात्र बंद हाय.”

इकडं फाट्यावर अर्ध्या तासानं आप्पांची जीप आली. लाल टोपीवाला कुणीच न्हाई. रामहरी तेवढा उभा, आपली जीप आपल्याला सोडून गेली म्हणून तोंड पाडून. हाटेलवाल्यानं सांगितलं, बद्रीनाथ भारतच्या गाडीत गेला, अन् गिलास बी नेला. रामहरीनं जरा इचार केला आन् आप्पांच्या जीपमध्ये चढला. “आप्पा, मी मनानं तुमचाच होतो,” असं तो त्यांना म्हणला. जाता जाता मोबाईल काढून घ्यायच्या आत भारतला बी एक मेसेज टाकला, की मी इकडं असलो तरी तुमचाच हाय.

दुसऱ्या दिवशी भारत स्वतःचा फोन घेऊन बद्रीनाथच्या खोलीत आला. लई मायेनं म्हणला, “घरी बोल.” फोन त्यानं सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“कोण?” तुळजाबाई म्हणली.

“मी हाय गं.”

“मी म्हंजे? लाल का गुलाबी?”

“अगं, मला चुकून…”

“आप्पांची माणसं आलती सकाळी. म्हणले, बद्रीनं दहा वर्षांची टोपी दहा मिनिटात फिरवली. चंद्रीचं दावं सोडून तारंबाहेर हाकलली. मी बाभळीखाली बांधलीय. कालपासून वैरणीला तोंड लावीना.”

“दाखवलं का काही?”

“तुमचं धोतर दाखवलं, पंचा दाखवला. माझ्या डोक्यावर पातेलं पालथं घालून दाखवलं. बघती आन् मान फिरवती. आता बसायली. बसली तर उठायची न्हाई ती.” मंग म्हणली, “ट्रॅक्टरवाला आज सकाळी तिच्याजवळ थांबून गेला. नुसता थांबला.”

भारतनं फोन बंद केला. “मत मला दे. निकाल लागला की पयल्या शेडात, पंख्याखाली बांधतो तुझी गाय.”

“आन् न्हाई दिलं तर?”

भारतनं खिडकीबाहेर बघितलं. “कितवं वेत हाय तिचं?”

“तिसरं.”

“वासरू बी हाय म्हणतेत पोटात,” भारत म्हणला आन् पोहायला गेला.

बद्रीनाथ टोपी मांडीवर घेऊन दोन दिवस बसला. आम्हांला नंतर त्यानं सांगितलं, मी चारदा ठरवलं भारतला द्यायचं. चारी वेळा टोपी घातली आन् ठरलेलं इस्कटलं. एवढं सोपं होतं, म्हणला, पण डोक्यावर घेतली की हात वळंना.

सोमवारी सकाळी दोन्हीकडच्या जीपा संस्थेच्या दारात लागल्या. चिठ्ठ्यांवर मतदान. बद्रीनाथनं आपली चिठ्ठी आप्पांना दिली. इलेक्शन घ्यायला आलेल्या साहेबांनी मोजून सांगितलं, आप्पा सात, भारत सहा.

आता गंमत बघा. रामहरी आप्पांकडं आलता, म्हणून आप्पांच्या हिशोबानं त्यांचे सात झालेच होते. बद्रीनाथ भारतकडंच गेला, त्यांनी धरलंच होतं. सात-सहा, बरोबर जुळलं. खरं तर रामहरीनं चिठ्ठी भारतला टाकलती आन् बद्रीनाथनं आप्पांना, तरी बी आकडा तोच. आप्पांनी रामहरीला मिठी मारली. रामहरी रडला सुद्धा. संध्याकाळपतूर त्याच्या दोन म्हशी तारंच्या आत चंद्रीच्या जागेवर बांधायचं ठरलं.

भारतला मात्र रामहरीचा मेसेज माहीत होता. त्यानं जीपकडं जाता जाता बद्रीनाथच्या खांद्यावर हात ठेवला. “काही हरकत न्हाई,” म्हणला. “पाऊस लांब हाय अजून.”

बद्रीनाथ गिलास हाटेलवाल्याला द्यायला बी थांबला न्हाई, नीट छावणीवर पळाला. बाभळीखाली तुळजाबाई चंद्रीच्या मानेला मान लावून बसलती. गाय बसलेली होती. घारींपैकी दोन टेकडी सोडून बाभळीवर आल्यात्या. त्यानं लांबूनच टोपी हलवली. चंद्रीनं डोळा उघडला. कान हलवला. मंग पुढचे पाय टेकले, आन् उठली.

“वैरण आण,” बद्रीनाथ म्हणला.

“कुठून आणू? वैरण तारंच्या आत हाय.”

तारंच्या आत आप्पा सत्कार घेत होते. गुलाल उधळला न्हवता, धुवायला पाणी न्हवतं म्हणून. पेपरवाला फोटो काढत होता. आप्पांना फोटोत मागं पाणी पायजे होतं. दुष्काळात मागं पाणी असलेला चेअरमन, चांगलं दिसलं असतं. म्हणून त्यांनी धुळाजीला खड्ड्याची एका बाजूची तार काढायला लावलती.

“आप्पा, कागद हाय,” धुळाजी म्हणला.

“मला माहीत हाय कागद हाय. मीच आणलाय.”

तेवढ्यात बद्रीनाथ माणसं सारत पुढं आला.

“आप्पा, माझी चिठ्ठी तुम्हाला हाय. चंद्रीची शपथ.”

“गुलाबी टोपी घालून शपथ घेतो बघा,” रामहरी म्हणला. लोकं हसली.

बद्रीनाथनं टोपी काढली. त्यानं आतली घामाची पट्टी बोटानं उलटी केली. तिथं दहा वर्षांत ऊन पोचलं न्हवतं. पट्टीखालचं कापड लाल होतं, गडद, पुण्याहून आणलेल्या दिवशी होतं तसं.

सगळे वाकून बघायला लागले. कुणी हसलं न्हाई. रामहरी दोन पावलं मागं सरला.

आप्पांनी टोपी हातात घेतली. बोट फिरवून बघितलं. आप्पा कच्चे न्हवते, कॅमेरा कुठं हाय ते त्यांना माहीत होतं. “बद्रीनाथ,” ते मोठ्यानं म्हणले, “आतून लाल राहून काय उपयोग? मतं बाहेरून मोजतेत. पण जाऊ दे. हाय माझ्याजवळ अजून दिल. सोडा रे ह्याची गाय आत! पयल्या शेडात बांधा.”

टाळ्या वाजल्या. बद्रीनाथच्या डोळ्यात पाणी आलं. बाभळीखाली तुळजाबाईनं दावं सोडायला घेतलं.

“आन् घ्या फोटो,” आप्पा म्हणले. त्यांनी फेटा रामहरीच्या हातात दिला आन् बद्रीनाथची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली. चोच उजवीकडं वाकली. टोपी त्यांना बी बसली, ते मान्य करायला पायजे.

“आप्पा, घालू नका!” बद्रीनाथ ओरडला.

“कावून? आपलीच हाय की,” आप्पा म्हणले आन् हसले. पेपरवाल्यानं सांगितलं, एक पाऊल मागं.

धुळाजीनं चंद्रीला सगळ्यांच्या आधी बघितलं. तो जवळच्या खांबावर चढला.

तीन दिवसांची उपाशी गाय गेटातून आली. माणसं बाजूला झाली, आप्पा झाले न्हाईत, ते मागं झाले. मागं खड्डा होता. आप्पा पाण्यात पडले, टोपी पाण्यावर तरंगली, आन् चंद्री टोपीमागं आत उतरली.

आप्पांना आठ जणांनी काढलं. गायीला काढायला तोच सकाळचा ट्रॅक्टर आणावा लागला, त्याला पाऊण तास लागला, आन् तेवढा वेळ ती आत पाय मारत होती. तिला काही झालं न्हाई. तिनं टोपी खाल्ली.

धुळाजीनं कागदाची भोकं मोजली, ती एकोणीस भरली. पाणी उन्हं कलायच्या आत जमिनीत गेलं. टँकर गुरुवारी होता.